थाळीवरची दवंडी

१४ जुलै, सोमवार

आज तहसीलला बैठक होती. विषय अफवा. चार तास भाषणं झाली, आणि खुर्च्या दोन कमी पडल्या, त्यातली एक माझी. साहेब म्हणाले, रोजचं टिपण ठेवा. ते सरकारी वहीत ठेवीन. ही वही लेकीच्या, यशूच्या, गेल्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली आहे, ही माझी. इथं कुणाचा शिक्का लागणार नाही.

झालंय असं की शेजारच्या गावात दहा वर्षांची एक मुलगी घटसर्पानं गेली. घसा सुजला, श्वास कोंडला, बीडला नेईपर्यंत संपलं. म्हणून आमच्या शाळेत चोवीस तारखेला मोठ्या पोरापोरींना इंजेक्शन आहे. पण सुई येण्याआधी मोबाईलवर मेसेज येऊन पोचला: या सुईनं मुलींना पुढं मूलबाळ होत नाही. इंजेक्शनच्या यादीत तेवीस मुली आहेत. त्यातली एक माझी यशोधरा.

मी गावची कोतवाल. कागदावर पदाचं नाव बदललंय म्हणतात, गाव कोतवालच म्हणतं. दवंडी माझ्याकडे, म्हणून साहेबांनी सांगितलं, "अफवा खोडून काढा." मला हे काम मनापासून आवडलं. चुकीचं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो. यशूचे पप्पा संजय चाकणला कंपनीत असतात. ते सांगतात की आमच्या लग्नपत्रिकेतल्या चुकासुद्धा मी लाल पेनानं काढल्या होत्या. खोटं नाही ते.

माझी योजना साधी आहे. रोज सकाळी सातला पंचायतीच्या भोंग्यावरून एक मेसेज जसाच्या तसा वाचायचा आणि लगेच तो खोटा कसा ते सांगायचं. आणि चोवीसला यशूला सगळ्यांच्या पुढं उभी करायची. कोतवालाच्या घरची पहिली म्हटल्यावर गाव आपसूक येईल.

जेवताना हे सांगितलं. माय भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी जळली तरी तिचं लक्ष नाही. आबा खाली बघून म्हणाले, "पौर्णिमे, दवंडीत हाय तेवडंच सांगायचं. न्हाई ते सांगायचं नसतंय. मानूस अर्धं ऐकतो अन् शेताला जातो."

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बत्तीस वर्षं कोतवाली केली. आजोबांनी दीक्षेनंतर डफ सोडला, तेव्हापासून आमच्या घरची दवंडी थाळीवर. मायच्या लग्नात आलेली काशाची थाळी अजून खुंटीला टांगलेली आहे. मी पाचवीत असल्यापासून ती वाजलेली मला आठवत नाही. त्यानंतर आबा नुसत्या तोंडानं दवंडी द्यायचे. हात दुखत असेल.

मी म्हटलं, "आबा, तुमचा काळ वेगळा होता."

१६ जुलै, बुधवार

पहिला दिवस छान गेला. मीठ बाजारातून गायब होणार, असा मेसेज होता. वाचला, चौसाळ्याच्या दोन दुकानदारांना फोन करून काय कळलं ते सांगितलं. सरपंच विठ्ठलराव गाडी थांबवून म्हणाले, "लई झ्याक, पौर्णिमा. आता गावात खोटं बोलायची सोयच ऱ्हाईली न्हाई." आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मलाही हसू आलं. दिवसभर मी जरा ताठ चालत होते, हे इथं कबूल करते.

१९ जुलै, शनिवार

घात झाला.

आज इंजेक्शनचा मेसेज घेतला होता. अर्धवट वाचला तर लोक म्हणतील लपवलं, म्हणून पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला. "पालकांनो सावधान. शाळेत देण्यात येणाऱ्या इंजेक्शनमुळे मुलींना भविष्यात मूल होणार नाही." इथपर्यंत आले आणि लाइट गेली. भोंग्याची बॅटरी कधीचीच मेलेली आहे. मी बंद माईकमध्ये आणखी दोन वाक्यं बोलले, मग लक्षात आलं.

तशीच धावत सुटले. मारुतीच्या पारापाशी बायका खुरपणीला निघालेल्या, विळे-खुरपी हातात घेऊन उभ्या. मी ओरडत होते की ते खोटं आहे, पुढचं राहिलं. एक जण म्हणाली, "खोटं कावून आसंल? तूच तर सांगितलंस भोंग्यावरनं." लाइट सव्वाआठला आली. पुन्हा सगळं वाचलं, या वेळी शेवटपर्यंत. पण तोवर अर्धं गाव शेतात गेलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यानं तोच मेसेज दुसऱ्यांदा ऐकला.

संध्याकाळी आबांनी माझ्या पुढ्यात चहा ठेवला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२४ जुलै, गुरुवार

मुलं एकोणीस आली. मुली शून्य.

आरोग्य केंद्राच्या सिस्टर दोन वाजेपर्यंत लसीचा डबा उघडून बसल्या होत्या. मी सारखी फाटकाकडं बघत होते. पहिली यशू येणार, तिला मायनं दहा वाजता आणायचं ठरलं होतं. शेवटी मीच घरी गेले. दाराला कुलूप. माय यशूला घेऊन सकाळच्याच एसटीनं पाटोद्याला मावशीकडं गेली होती.

तेवीस घरांत खोट्याला बळी पडलेलं पहिलं घर माझंच. शाळेत परत जाऊन सिस्टरला हे सांगताना माझी मान वर होईना. त्या चांगल्या आहेत. म्हणाल्या, "सात ऑगस्टला पुन्हा येते. त्यानंतर मात्र माझ्या हातात नाही." शेजारच्या गावात आणखी एका पोराचा घसा सुजलाय, हेही त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

संध्याकाळी माय परतली. मी नको ते बोलले. अडाणी म्हटलं. उद्या यशूला काही झालं तर तू जबाबदार, असंही म्हटलं. मायनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. ती बावन्न वर्षांची आहे, चालते सत्तरीच्या म्हातारीसारखी. म्हणाली, "मला डाक्टरनं सांगितलंतं, पिशवी काढली न्हाई तर कॅन्सर व्हईल. मी अठ्ठावीसची व्हते. ती अफवा न्हवती का, पौर्णिमे? तवा कुनी भोंग्यावरनं खोडून काढलं न्हाई."

आबा उठून बाहेर गेले.

मायची गर्भपिशवी काढलेली आहे हे मला माहीत होतं. मी पाचवीत होते, तिला जीपमधून आणून खाटेवर झोपवलं होतं. आमच्याकडं ही नवलाची गोष्ट नाही, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत तर घरटी एक सापडेल. म्हणून मला भाऊबहीण नाही. पण ही गोष्ट आणि मेसेज यांचा कधी एकत्र विचार केला नव्हता. एक मोबाईलवरची गोष्ट, एक घरातली.

२६ जुलै, शनिवार

भोंगा बंद ठेवलाय. वही घेऊन घरोघर आणि बांधोबांध फिरले. आता सांगायचं नाही, फक्त विचारायचं, असं ठरवलं होतं. ते मला जड जातं. तीनदा मध्येच बोलले.

विमलबाई कपाशीत खुरपत होत्या. त्यांची नात राजनंदिनी यशूच्या वर्गात आहे. मी विचारलं, "काकू, राजनंदिनीला का आणलं नाही?" त्या खुरपं न थांबवता बोलत राहिल्या. "सव्वीसची व्हते मी. अंगावरनं जातंय म्हनून दाखवाय गेलते. डाक्टर लई गोड बोलला. चार दिसांत पिशवी काढून घरी. तवापसनं कंबर न्हाई, डोळ्याला झोप न्हाई. अन् त्यो पांढऱ्या कोटातलाच व्हता की. तुजी सिस्टर बी पांढऱ्यातच हाय."

मी म्हटलं, "काकू, हे वेगळं आहे."

"कसं वेगळं? तवा बी शाळंतच बसीवलं व्हतं आमाला. शिबिर म्हनून."

जवळपास प्रत्येक घरात हेच निघालं. शाळा, शिबिर, बाहेरगावचे डॉक्टर, मग शहरात ऑपरेशन. साल सगळ्यांचं एकच, दोन हजार एक. मी विमलबाईंना विचारलं की एवढ्या बायका एकाच दिवशी शाळेत गेल्या कशा? त्यांनी पहिल्यांदा खुरपं थांबवलं. "तुला ठावं न्हाई? बापाला इचार की तुज्या."

आबांना बायकांच्या दुखण्यातलं काय कळणार. विमलबाईंना विषय टाळायचा असेल.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. चिंचेला झोके बांधले होते, पण राजनंदिनी आली नाही. दुपारी कळलं तिला ताप आहे, घसा सुजलाय, पाणी गिळवत नाही. विठ्ठलरावांच्या गाडीतून बीडला नेली. गाडीत चढताना विमलबाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

देवधर्म मी करत नाही. आज बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून बराच वेळ बसले. त्या पोरीला काही झालं तर मी ते एक वाक्य जन्मभर ऐकत राहीन, पुढचं नसलेलं.

३१ जुलै, गुरुवार

घटसर्प नाही! नुसत्या टॉन्सिल. राजनंदिनी सुखरूप आहे, उद्या घरी येईल. मी विहिरीवर जाऊन पोटभर रडले.

संध्याकाळी मोबाईलवर नवीन मेसेज आला. दवाखान्याच्या खाटेवर झोपलेल्या राजनंदिनीचा फोटो, खाली लिहिलेलं: शाळेतल्या इंजेक्शननंतर मुलीची ही अवस्था. जिनं सुई बघितलीसुद्धा नाही, ती सुईनं आजारी! तासाभरात तो माझ्याकडं नऊ ठिकाणांहून आला. त्यात एक पुण्याहून.

१ ऑगस्ट, शुक्रवार

हे काम करण्यासारखं आहे का? स्वतःलाच विचारतेय.

मी एक मेसेज खोडते तोवर दुसरा गावभर होतो, हे तर झालंच. पण खरी गोष्ट ती नाही. मेसेज उद्या सगळ्यांच्या मोबाईलमधून पुसले गेले तरी विमलबाईंची कंबर तशीच राहणार. त्या मेसेजवर विश्वास ठेवत नाहीत, त्या स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवतात. मेसेजला तिथं बसायला आयती जागा मिळाली. तहसीलच्या बैठकीत या जागेबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मीही विचारलं नाही. मी खुर्ची शोधत होते.

आणि तरी तेवीस मुलींना सुई मिळायला हवी. ही गोष्ट काही खोटी ठरत नाही. इथंच येऊन अडते.

३ ऑगस्ट, रविवार

विमलबाई स्वतः आल्या. आमच्या घरी त्या याआधी कधी आत आल्याचं आठवत नाही, अंगणातूनच बोलायच्या. आज उंबरा ओलांडून मायशेजारी चटईवर बसल्या. मोबाईल पुढं केला. "ह्यो फोटो काढून टाकाय लाव, पौर्णिमे. माज्या नातीला सुई दिलीच न्हाई. उद्या तिला पावनं बघाय आल्यावर म्हनतील, हीच ती पोर."

मी म्हटलं प्रयत्न करते. जमेल असं वाटत नाही, हेही सांगितलं. उठताना विमलबाई दाराकडं बघून जरा मोठ्यानं बोलल्या, "आता तरी सांगा म्हनावं. म्हातारे झाले."

आबा दाराबाहेर बाजेवर होते.

४ ऑगस्ट, सोमवार

आज विचारलं. "आबा, दोन हजार एकच्या शिबिराचं तुम्हाला काय माहीत आहे?"

माय चुलीपाशी होती, तिची मान वर झाली नाही. आबांनी उलट मलाच विचारलं, "भोंगा कवा आसतो तुजा?"

"सातला. पण बंदच आहे."

"परवा बी लावू नगं."

मग खुंटीवरची थाळी काढली, अंगरख्याच्या टोकानं पुसली आणि परत अडकवली. मला अजून नीट कळत नाही. थोडंसं कळतंय, ते लिहवत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

जसं ऐकलं तसं लिहिते. माझं काही घालत नाही.

सहाला आबांनी थाळी काढली. पांढरा सदरा घातला. आमच्या भीमनगरातून निघाले, मारुतीचा पार, वरची गल्ली, सरपंचांचा वाडा, शाळा, प्रत्येक ठिकाणी उभे राहिले. थाळी वाजली तशी म्हातारी माणसं लगोलग बाहेर आली. चोवीस वर्षांनीसुद्धा त्यांनी आवाज ओळखला. आबा प्रत्येक ठिकाणी हेच बोलले:

"ऐका होऽऽ. मी बन्सी, जुना कोतवाल. चोवीस वर्सांमागं ह्याच थाळीवर दवंडी दिल्ती म्या. शाळंत शिबिर हाय, फुकाट तपासनी हाय, येक बी बाई घरी ऱ्हाऊ नका, आसं म्हनलोतो. कोतवालाची बायकू गेली तर गाव जाईल म्हनून माजी पारू म्या सगळ्यात फुडं उबी केल्ती. माज्या दवंडीवर येकवीस बाया गेल्या. कॅन्सर येकीला बी न्हवता हो. ती दवंडी खोटी व्हती. मला ठावं न्हवतं. पन म्या इचारलं बी न्हाई. वरून सांगितलं, म्या वाजीवलं. उद्या शाळंत सुई हाय, घटसर्पाची. घ्या म्हनत न्हाई. त्यो माजा हक ऱ्हाईला न्हाई. या, अन् इचारा. समदं इचारा. इचारल्याबिगर घिऊ नका होऽऽ."

वरच्या गल्लीत एक जण म्हणाला, "आता सांगून काय उपेग, बन्सी?" आबा म्हणाले, "काय बी न्हाई." आणि पुढं गेले. दोन बायांनी दार लावून घेतलं. विमलबाई ओट्यावर उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

मी मागून चालत होते. घरचीच बाई पहिली उभी करायची सवय मला कुठून लागली, ते वाटेत कळलं. मी यशूला सगळ्यांच्या पुढं उभी करणार होते.

शेवटची दवंडी आमच्याच दारात. आत माय एकटी होती. आबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, थाळी वाजवली आणि तेच सगळं, तेवढ्याच मोठ्या आवाजात, पहिल्यापासून सांगितलं. "माजी पारू" म्हणताना आवाज फुटला, पण थांबले नाहीत.

माय बाहेर आली. त्यांच्या हातातून थाळी घेतली, मोरीवर बसून राखेनं घासली, चांगली दोनदा. मग त्या थाळीत भाकरी वाढून त्यांच्यापुढं ठेवली. माय समोर बसून राहिली, ते जेवेपर्यंत.

७ ऑगस्ट, गुरुवार

दहाच्या आधीच शाळेत बायका जमल्या होत्या. रांग नव्हती, घोळका होता. माय यशूचं मनगट धरून सरळ सिस्टरच्या टेबलापाशी गेली.

"आदी बाटली दाव. काय लिवलंय ते वाच."

सिस्टरनी वाचलं.

"कशाची हाय? दिल्यावर काय व्हतं? न्हाई दिली तर काय व्हतं? पिशवीला काई व्हतं का?"

सिस्टर म्हणाल्या, "आजी, मागं गर्दी आहे, जरा लवकर."

"आसूंद्या. तवा बी गर्दीच व्हती," माय म्हणाली.

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. मग एकेक करून सगळं सांगितलं. हात दुखेल, एखादीला ताप येईल, पिशवीशी याचा काही संबंध नाही. एका प्रश्नाचं उत्तर त्यांना आलं नाही, तर डॉक्टरांना फोन लावून सगळ्यांसमोर विचारलं. ते मला फार आवडलं. अर्धा तास गेला. मायचं समाधान झालं. पण यशूला तिनं पुढं केलं नाही. "फुडं नगं. मदी उबी ऱ्हा," म्हणाली. यशूचा नंबर सहावा लागला. सुई टोचताना मायनं डोळे मिटले होते, यशूनं नाही.

विमलबाई राजनंदिनीला घेऊन आल्या होत्या. नुकताच ताप गेलाय म्हणून सिस्टरनी पंधरा दिवसांनी केंद्रावर बोलावलं. विमलबाईंनी तारीख माझ्याकडून हातावर लिहून घेतली. बाकी काही जणी विचारून, ऐकून, मुलींना परत घेऊन गेल्या. मी कुणाला अडवलं नाही. जमलं मला ते, कसंबसं.

एक वाजता बाहेर आले. आबा फाटकाबाहेर लिंबाखाली बसले होते, सकाळपासून. आत या म्हटलं होतं, आले नाहीत.

"किती झाल्या?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

ते बोटांवर मोजत होते. "मंजी सात ऱ्हाईल्या."

मी तोंड उघडलं. यादीत मुली तेवीस आहेत, राहिल्या नऊ. मग त्यांच्या बोटांकडं बघितलं, ते एकवीसातून वजा करत होते, आणि तोंड मिटलं. ही चूक मी दुरुस्त केली नाही.

आबा काठी टेकून उठले आणि वरच्या गल्लीकडं निघाले, कालची ती दोन लावलेली दारं होती तिकडं. मीही निघाले त्यांच्यामागून. सिस्टर चारपर्यंत थांबणार होत्या.